कपाटांची कुलपं काढली ते वर्ष

आमच्या वाचनालयाचं आधुनिकीकरण करायचं ठरलं, त्या वर्षी गावात प्यायला पाणी नव्हतं. गाव म्हणते खरी, पण आमच्याकडं नगरपरिषद आहे, त्यामुळे कागदोपत्री ते शहर. धारूरहून एस.टी.नं आलं की बसस्टँडच्या मागंच वाचनालयाची दगडी इमारत लागते. दोन खोल्या, समोर मोठा ओटा, आत काचेच्या दारांची लोखंडी कपाटं. मी तिथं ग्रंथपाल होते. लग्न होऊन या गावात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी लागले आणि तोवर अकरा वर्षं झाली होती.

कपाटांना बावीस कुलपं होती आणि बावीस किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असायचा. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई म्हणायच्या, "घरच्या किल्ल्या मी तुला दिल्या न्हाईत, म्हणून तू तिकडं जाऊन जुडगा मिळवलास." हसून म्हणायच्या, पण त्यात थोडं खरं होतं. कुणी वाचक आला की मी विचारायची, "काय पाहिजे?" तो पुस्तकाचं नाव सांगायचा. मी किल्ली शोधायची, कपाट उघडायची, पुस्तक हातात द्यायची आणि लगेच कुलूप लावायची. अकरा वर्षांत माझ्याकडून एकही पुस्तक हरवलं नव्हतं. वाचकही फार उरले नव्हते, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नाही.

शिमगा झाला आणि सरकारच्या ग्रंथालय खात्याचं पत्र आलं. आधुनिकीकरणासाठी अनुदान मिळू शकेल, मात्र नागरिकांच्या सूचना घेऊन त्याप्रमाणे आराखडा पाठवावा. मी ते पत्र अध्यक्षांना दाखवलं. अध्यक्षांना सगळं गाव आबा म्हणायचं. मोठे बागायतदार, साखर कारखान्याचे संचालक, दूध सोसायटीचे जुने कार्यकर्ते. रोज सकाळी वाचनालयात येऊन चार पेपर वाचायचे, तेही मोठ्यानं, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे. पुस्तक मात्र त्यांनी कधी नेल्याचं मला आठवत नाही. "पुस्तकाला टाइम कुठंय बाई, सहकार सांभाळता सांभाळता केस पिकले," म्हणायचे.

पत्र वाचून आबांनी चष्मा काढला. "सूचना कशाला घ्यायच्या? दोन कॉम्प्युटर, एक एसी, म्होरं काचेचं दार, अन् हॉलमधी आमच्या वडलांचा फोटो. झालं आधुनिक."

"आबा, लाइट सहा-सहा तास जाते. एसी चालणार कशावर?"

"मंग फोटो तरी लावू."

तरी पत्रातली अट होती म्हणून मी ओट्यावर सूचनापेटी ठेवली. आठ दिवसांनी उघडली तर आत एक लग्नपत्रिका, एस.टी.ची दोन तिकिटं आणि एकच चिठ्ठी निघाली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "पंखा आवाज करतो." एवढ्यावर आराखडा कसा करायचा, हा प्रश्नच होता.

तोवर नळ पार बंद झाले होते आणि पाणी टँकरनं येत होतं. आमच्या गल्लीचा टँकर सकाळी नवाला यायचा म्हणायचे, म्हणजे अकराला यायचा. आळीतल्या सगळ्या बाया पहाटेपासून घागरी लावून बसायच्या. मीही बसायची; सकाळी वाचनालयाचं दार तेवढं आबा उघडायचे. एक दिवस वाट बघत असताना मी पिशवीतून ते पत्र काढून पुन्हा वाचत होते. माझ्या मागं एक बाई बसली होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, आवाज खणखणीत. दरवर्षी नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची आणि नुकतीच परत आली होती. तिला सगळ्या अक्का म्हणायच्या.

"काय वाचायलात बाई? तुमी त्या लायब्रीतल्या ना?"

मी पत्र समजावून सांगितलं. म्हटलं, लोकांना विचारायचं आहे, वाचनालय कसं पाहिजे.

"मंग इचारा की. समदे लोक हितंच तर हायेत."

खरंच होतं. वाचनालयात दिवसाला दहा माणसं यायची आणि इथं रांगेत शंभरएक बसलेली होती, तीही तासन्‌तास, हाताला काही काम नसताना. मी पिशवीतली वही काढली आणि तिथंच लिहायला सुरुवात केली. पुढं तीन आठवडे माझं हेच चाललं. आमचा टँकर झाला की दुसऱ्या आळीच्या रांगेत जायची. लोक आधी हसायचे, "पाण्याचं बघा म्हणावं आधी," असं सुनावायचे, आणि मग बोलायला लागले की थांबायचे नाहीत. बायका म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ आम्हाला जमत नाही, दुपारी उघडं ठेवा आणि खाली सतरंजी टाका, खुर्चीवर आम्हाला अवघडल्यासारखं होतं. परीक्षा देणाऱ्या मुलींना फॉर्म भरायला कॉम्प्युटर पाहिजे होता. एका आजोबांना पेपरची अक्षरं दिसत नव्हती, ते म्हणाले, एक भिंग आणा आणि ते दोरीनं टेबलाला बांधा, नाहीतर मीच घरी नेईन.

मी अक्कालाही विचारलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी.

"मी आलते की एकदा," ती म्हणाली. "पोरीला घेऊन आलते. तुमी इचारलं, काय पाह्यजे? आता मला काय ठावं काय पाह्यजे? भाजीबाजारात कुणी असं इचारतंय का? आपुन बघतो, हात लावतो, दाबून बघतो, मंग घेतो. तुमची समदी पुस्तकं काचंच्या आड, अन् काचंला कुलूप. गेलाव तशा माघारी आलाव."

मला ती आलेली आठवतही नव्हती.

"कुलूप कावून लावता बाई? पुस्तकं पळून जात्यात का?"

आजूबाजूच्या बाया खळखळून हसल्या. मी म्हटलं, "चोरीला जातात, अक्का."

"पुस्तक कोण चोरतंय? ज्याला वाचायचंय त्योच ना? मंग जाऊ द्या की."

तेवढ्यात टँकर आला आणि सगळी पळापळ झाली. माझी घागर भरली, घरी आले, पण ती सूचना मी वहीत लिहिली नाही. बाकी सगळ्यांची लिहिली. पंख्याचीसुद्धा लिहिली. कुलपाची नाही.

वैशाखात वाचनालयाच्या ओट्यावर सभा भरली. ज्यांनी सूचना दिल्या त्यांनी यावं, असं आबांनीच गावात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ओटा भरून लोक रस्त्यावर उभे होते. मी वही वाचून दाखवली. लोक आपापली सूचना आली की शेजाऱ्याकडं बघायचे. वाचून झालं, मी वही मिटली, तर बायकांच्या घोळक्यातून अक्का उभी राहिली.

"बाई, मह्यी सूचना ऱ्हायली."

"कोणती?" मी विचारलं. मला चांगलं माहीत होतं कोणती.

"कुलपाची."

आबांनी वही मागून घेतली, पानं उलटली. "हितं तर न्हाई."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी लिहिली नव्हती," मी म्हटलं.

"कावून?"

"मला पटली नाही म्हणून."

आबा हसायला लागले ते टोपी सावरेपर्यंत हसले. "वा बाई! लोकांच्या सूचना घ्यायच्या, अन् आपल्याला पटतील तेवढ्याच लिव्हायच्या. तुमी तर आमच्याहून पक्क्या पुढारी निघालात!"

सगळा ओटा हसला. मीही हसले, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अक्का मात्र हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. मी सगळ्यांसमोर तिची सूचना लिहून घेतली. "पुस्तकांना हात लावता आला पाहिजे," असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

आबांनी निकाल दिला. "सभासदावर भरवसाच ठिवायचा न्हाई, तर सोसायटी काढावीच कशाला? पर बाईंचंबी खरं हाय. एकच कपाट उघडं ठिवा, महिनाभर. काय जातंय ते बघू."

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप काढलं. त्यात पानं सुटलेली, वाळवी लागलेली जुनी पुस्तकं होती. गेली तरी हरकत नाही, असा माझा हिशेब. दुपारी अक्का दोघी-तिघींना घेऊन आली, कपाटासमोर उभी राहिली, दोन पुस्तकं काढून झटकली आणि म्हणाली, "बाई, किडकी वांगी म्होरं मांडलीत व्हय?"

मी उठले आणि गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट उघडलं.

त्या महिन्यात माझा जीव मेटाकुटीला आला. बाया दुपारी यायच्या, सतरंजीवर बसायच्या, पुस्तकं काढायच्या, चित्रं बघायच्या, दोन पानं वाचायच्या आणि भलत्याच ठिकाणी ठेवून द्यायच्या. रोज संध्याकाळी मी सगळं पुन्हा लावायची आणि रोज दुपारी ते विस्कटायचं. पण दुपारची ती खोली मी तशी कधी बघितली नव्हती. एक जण वाचायची, चार ऐकायच्या, एक लसूण सोलत बसलेली असायची.

महिना भरला. मी मोजदाद केली, तर तीन पुस्तकं कमी. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझंच बरोबर होतं, असं वाटलं. रजिस्टर घेऊन मी ताबडतोब आबांकडं निघाले. त्यांच्या घराबाहेर जीप उभी होती आणि आबा तिच्यात बसायच्या बेतात होते. पुढच्या सीटवर घडी केलेला पेपर होता आणि पेपरखालून एका पुस्तकाचा कोपरा दिसत होता. कोपऱ्यावर आमच्या वाचनालयाचा शिक्का. तीनपैकी एक, रहस्यकथा.

"आबा, हे काय?"

आबा एवढे ओशाळलेले मी पहिल्यांदा बघितले. "लिव्हायचं ऱ्हायलं बघा. पर आता मागू नका. खून कुणी केला ते कळंस्तोवर मी देत न्हाई."

दुसरं पुस्तक सतरंजीखाली सापडलं. तिसरं काही सापडलं नाही, ते आजतागायत सापडलेलं नाही. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. एक वयस्कर गृहस्थ आले, धोतर-कोट, हातात कापडी पिशवी. घाटनांदूरहून एस.टी.नं आलो म्हणाले. पाणी प्यायले, थोडा वेळ पेपर चाळला, मग उघड्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले. मी बघत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि हळूच दोन पुस्तकांच्या मध्ये सरकवलं. मी मान खाली घालून उगाच काहीतरी लिहीत बसले. ते जाता जाता थांबले. "हितं आता कुणी काय इचारत न्हाई म्हणं. बरं केलंत," एवढंच म्हणाले आणि गेले.

मी जाऊन पुस्तक बघितलं. त्याच्यावर जुना गोल शिक्का होता, मी जन्मायच्याही आधीचा. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं, आणि परत करायला गेलो तर टेबलापाशी बसलेलं कुणीतरी काय म्हणेल, या धाकानं आले नव्हते. ते कुणीतरी म्हणजे गेली अकरा वर्षं मीच.

त्याच दिवशी मी उरलेली कुलपं काढली. जुडगा टेबलाच्या खणात टाकला. पुढं दोन-तीन दिवस मला सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं, हात आपोआप कमरेकडं जायचा.

आराखडा मग लोकांनी सांगितला तसाच गेला आणि मंजूरही झाला. कॉम्प्युटर आले, पण काचेची कपाटं काढून त्या जागी उघडे रॅक करायचे राहिले होते. त्या साली शिवारात ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचा बॉयलर पेटणार नव्हता आणि तिथले फिटर, वेल्डर घरी बसून होते. आबा म्हणाले, "रिकामा फिटर लई वंगाळ. घरात बसून बायकोच्या चुलीत खोट काढतो." त्यांनी पाच-सहा जणांना बोलावून आणलं. लोखंडी अँगल अनुदानातून आले आणि मेहनत त्या लोकांनी आपणहून केली. वाचनालयाच्या मागं आठ दिवस ठिणग्या उडत होत्या.

पहिला रॅक उभा राहिला तो छताला भिडेल एवढा उंच. अक्कानं बघितलं आणि म्हणाली, "वरचं कोण काढणार? वेल्डरदादा शिडी घेऊन हितंच ऱ्हाणार हाय का?" वेल्डरनं तिला भिंतीला टेकून उभं केलं. "हात वर करा अक्का." तिनं हात वर केला, त्यानं बोटांच्या टोकाशी खडूनं रेघ मारली. मग बाकीच्या बाया पुढं आल्या, उंच, बुटक्या, एक पोटुशी होती तीसुद्धा, आणि भिंतीवर रेघांची नुसती गर्दी झाली. सगळ्यांत खालची जी रेघ होती, त्या मापाचे रॅक झाले. आबांच्या वडलांचा फोटोही लागला, सतरंजीच्या वरच्या भिंतीवर. बाया त्याच्याकडं बघून पदर सावरून बसायच्या.

पाऊस त्या वर्षीही हुलकावणी देऊन गेला. दसरा झाला तशी ऊसतोडीच्या टोळ्यांची लांबच्या कारखान्यांकडं निघायची तयारी सुरू झाली. दुपारची सतरंजी रिकामी व्हायला लागली. अक्का पुस्तक परत करायला आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"नियम सात दिवसांचा हाय ना बाई?"

"हो."

"आमी सहा महिने चाललाव. मंग आमाला सहा महिने पुस्तक न्हाई?"

या वेळी मी तिचं म्हणणं त्याच दिवशी आबांपुढं मांडलं. आबा म्हणजे सोसायट्यांमध्ये उभं आयुष्य घालवलेला माणूस. म्हणाले, "एकेकाच्या नावावर देऊच नका. टोळीला द्या. समद्याजणी मिळून घेणार, समद्याजणी मिळून जपणार. एकीनं फाडलं तर बाकीच्या बघून घेत्यात. ह्यालाच सहकार म्हणत्यात बाई."

अक्काच्या टोळीतल्या बारा बायका वाचनालयात आल्या. दहाजणींनी रजिस्टरमध्ये सह्या केल्या, दोघींनी अंगठे लावले. मी अंगठ्यांकडं बघितलं, तर त्यातली एक म्हणाली, "आमी ऐकणार हाव. वाचणारीला ऐकणारी नगं का?" पत्र्याच्या पेटीत मी चाळीस पुस्तकं भरली. अगदी निवडून, नावाजलेली, माझ्या मते ज्यातून माणूस शहाणा होईल अशी. बसस्टँडजवळ ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, दोन शेळ्या, आणि त्यांच्या मध्ये आमची पेटी. अक्का पेटीवरच बसली होती. ट्रक हलला तेव्हा तिनं वरून ओरडून सांगितलं, "बाई, दुपारचं बंद करू नका बरं का!"

पौषात एका संध्याकाळी वाचनालयातला फोन वाजला. पलीकडं अक्का होती.

"बाई, त्या हिरव्या पुस्तकाची शेवटची पानंच न्हाईत. पुढं काय झालं?"

मी पुस्तकाचं नाव विचारलं. त्याची दुसरी प्रत आमच्याकडं होती. मी ती शोधून आणली. "ऐकता का? वाचून दाखवते."

"जरा दम धरा, समद्याजणींना बोलवते."

फोनवर हाका ऐकू आल्या, कुठंतरी चूल पेटत असल्याचा तडतडाट, बैलाच्या गळ्यातली घंटा. मी फोनचा स्पीकर लावला आणि वाचायला लागले. आवाज पोचावा म्हणून मोठ्यानं वाचावं लागत होतं, त्यामुळे वाचनालयात बसलेले लोकही पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागले. अभ्यास करणाऱ्या मुली उठून टेबलापाशी आल्या. आबा दारात उभे राहिले. चार पानं होती. शेवटी त्या कथेतली मोठी बहीण घर सोडून जाते.

मग तिकडून एक म्हातारा आवाज आला, बहुतेक अंगठेवालीचा, "जायला नगं व्हतं तिनं."

"काय करावं मंग? ऱ्हायली असती तर मेली असती," दुसरी म्हणाली, आणि त्यांचं आपापसातच भांडण जुंपलं. फोन चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. आम्ही सगळे इकडं ऐकत उभे होतो. नंतर फोनच बंद पडला.

पाडव्याच्या सुमाराला टोळी परत आली. दुसऱ्याच दिवशी अक्का आणि आणखी एक जण दोन्ही बाजूंनी कड्या धरून पेटी घेऊन आल्या. चाळीसच्या चाळीस पुस्तकं होती. काहींवर उसाच्या रसाचे डाग, एकाचं पुठ्ठ्याचं कव्हर बैलानं चघळलेलं. आम्ही सतरंजीवर बसून एकेक पुस्तक पुसत होतो. मी विचारलं, "कशी वाटली पुस्तकं?"

अक्का एकच कव्हर पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत असावी.

"चांगली हायेत बाई. पर लई रडवत्यात. दुःख तर आमच्यापाशी तिथं ढिगानं हाय, ते पुस्तकातबी कशाला न्यायचं? उसात दिवसभर वाकल्यावर हसू येईल असं काहीतरी द्या की."

मी वर बघितलं. रॅकच्या रॅक पुस्तकांनी भरलेले होते. आम्ही दोघी उठलो आणि हसवणारी पुस्तकं शोधायला लागलो. दुपारी चार वाजेपर्यंत शोधत होतो. मी एकेक काढून तिच्या हातात द्यायची, ती दोन पानं चाळायची, कधी ओठांवर बोट ठेवून मनातल्या मनात वाचायची आणि हसू आलं तर डाव्या हाताला ठेवायची, नाही आलं तर परत माझ्याकडं द्यायची. डाव्या हाताचा ढीग काही वाढेना. एवढ्या मोठ्या वाचनालयात माणसाला हसवणारी पुस्तकं कशीबशी नऊ निघाली.

त्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत पहिली पंचवीस नावं मी अक्काला शेजारी बसवून लिहिली.